नॉटपेडपासून करन्सीपर्यंत : आगाऊ पैशाच्या मुदतीचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आजीबाई आमच्या कार्यालयात आल्या. वय सत्तरीच्या पुढे, बरोबर नातू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बँकेचे पासबुक आणि बटणांचा जुना मोबाइल. कज्जा जमिनीचा असेल असे समजून आम्ही कागद पुढे ओढला, तोच त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, करन्सी घालायचं इसरलो बघा. बिल भरायचं ऱ्हायलं, आन् नंबरच गेला.” (आमच्या भागातल्या बाया ‘विसरले’ न म्हणता ‘इसरलो’ म्हणतात, हे बेळगाव-कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको, इंदूर-बडोद्याच्या वाचकांसाठी नमूद करतो.)

हकीगत अशी. मागच्या गणपतीनंतर पाय मोडल्यामुळे आजी मुलीकडे चंदगड तालुक्यात राहायला गेल्या. मोबाइल घरच्या कपाटात राहिला. पाडवा झाल्यावर परतल्या, तोवर क्रमांक बंद पडला होता. आणि पावसाळ्यापर्यंत तो दुसऱ्या कोणाला दिलाही गेला होता. नातवाने त्या क्रमांकावर फोन लावला तर पलीकडून एक अनोळखी तरुण कानडीत बोलू लागला. आजींना मिळणारे नवऱ्याच्या मागचे कुटुंब निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते, त्या खात्याला तोच क्रमांक जोडलेला. म्हणजे पैसे आले, गेले, काढले, याचे सगळे संदेश आणि व्यवहाराचा सांकेतिक अंकही परक्याच्या हाती. बॅटरी संपेपर्यंत आलेले इशारे त्या यंत्रात शाबूत होते. नातवाने ते आम्हांला दाखवले. काही इंग्रजीत होते, काही कानडीत. आजींना देवनागरी अक्षर जुळवून वाचता येते, दुसरे नाही.

आजींच्या त्या एका वाक्यात ‘बिल’ आणि ‘करन्सी’ हे दोन शब्द आले. कायद्याच्या काट्यावर तोलले तर दोन्ही चुकीचे, परंतु दोन्ही शब्दांमागे इतिहास आहे. तो इतिहास सांगितला म्हणजे त्या दोहोंच्या मध्ये उभी असलेली ‘मुदत’ कोणाच्या बाजूची आहे, हेही दिसेल.

प्रथम ‘बिल’. बिल धनको पाठवतो. माल आधी दिला, काम आधी केले, मग त्याची मागणी लेखी केली, ते बिल. प्रीपेड मोबाइलमध्ये नेमके उलटे आहे. पैसे आपण आधी देतो, सेवा कंपनी मागून देते. पैसे दिल्याच्या क्षणापासून सेवा मिळेपर्यंत आपण धनको आणि कंपनी ऋणको. असे असता आपण म्हणतो काय, तर ‘मोबाइलचे बिल भरायचे आहे’. मराठीत घरपट्टी भरतात, पाणीपट्टी भरतात, फाळा भरतात, दंड भरतात. भरणारा नेहमी देणेकरी असतो, आणि तारीख चुकली तर तोच दोषी ठरतो. उसने देणाऱ्याने स्वतःला ऋणको समजून माफी मागावी, अशी ही भाषा आहे.

जुन्या मराठी दप्तरात असा घोटाळा नव्हता. पेशवाईत महालाची कमावीस मिळालेला कमाविसदार वसूल येण्यापूर्वीच काही रक्कम सरकारात आगाऊ भरत असे. तिला ‘रसद’ म्हणत. सैन्याच्या पुरवठ्याची रसद वेगळी, ही वसुलापोटीची रसद वेगळी. पण ती रक्कम सरकारला दिलेले कर्ज समजली जाई आणि तिच्यावर व्याजही धरले जाई. आगाऊ देणारा तो देणारा, याविषयी कारकुनाच्या मनात संदेह नसे. हुंडीचेही तसेच. दर्शनी हुंडी दाखवताच वटवायची. मुदती हुंडी तिच्यात लिहिलेले दिवस भरल्यावर वटवायची. पुणे, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथल्या पेढ्यांतून या हुंड्या फिरत. त्यांतली मुदत ज्याने पैसे द्यायचे त्याला बांधणारी होती. मुदत भरली म्हणून हुंडी धरणाऱ्याचे पैसे बुडाले, असे नसे. मुदत भरली म्हणजे आता पैसे मोजा, असा तिचा अर्थ. मोबाइलच्या संदेशात ‘मुदत संपत आहे’ असे येते तेव्हा शब्द तोच आहे. पण बुडणारा पक्ष बदलला आहे. हा बदल केव्हा झाला?

टपालात तो झाला नाही, हे आधी सांगितले पाहिजे, कारण सामान्य माणसाने दळणवळणासाठी आगाऊ पैसे देण्याची सवय टपालातूनच लागली. १८५४ पूर्वी पत्राचे मोल अंतरावर ठरे, आणि ते पाठवणाऱ्याने द्यावे की घेणाऱ्याने, याचा नेम नसे. डलहौसीच्या काळात, १८५४ च्या कायद्याने, सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी एकच दर आला. पाव तोळा वजनापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. ते पत्र शेजारच्या तालुक्यात जावो की कलकत्त्यास. तिकीट आधी लावायचे. न लावल्यास पत्र पोचे, पण घेणाऱ्याकडून दुप्पट घेत. असे पत्र उत्तरेत ‘बैरंग’ झाले आणि मराठीत ‘नॉटपेड’. आमच्या लहानपणी आलेले नॉटपेड पत्र पोस्टमनच्या हातात पाहिले की घरातली माणसे आधी अक्षर ओळखीचे आहे का ते बघत आणि मगच पैसे काढत. पाकिटाच्या बाहेरच काही खूण करून ठेवायची, घेणाऱ्याने खूण पाहून पत्र परत करायचे, आणि पैसा न देता निरोप मिळवायचा, अशा युक्त्या आमचे आजोबा सांगत. पुढे मोबाइलवर ‘मिस्ड कॉल’ आला तेव्हा ही जुनीच विद्या नव्या अंगरख्यात आली. दोनदा वाजवून बंद केला तर पोचलो, एकदा वाजवला तर तू फोन कर. गरिबाने फुकटात निरोप धाडण्याची कला कोणत्याही शतकात मरत नाही.

मात्र टपालाच्या तिकिटाला मुदत नव्हती. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. ते घेऊन ठेवले आणि पुढे दर वाढला, तर वरचे तिकीट चिकटवून तेच कार्ड चालत असे. आगाऊ दिलेला पैसा दिवस उलटले म्हणून वाया जात नसे.

‘बिल’ हा शब्द फोनला चिकटला तो घरगुती टेलिफोनमुळे. दूरसंचार खात्याचे बिल दोन महिन्यांनी येई. बोलणे आधी झालेले, मागणी मागून आलेली, म्हणजे ते खरेखुरे बिल होते. तारीख टळली की प्रथम बाहेर जाणारे फोन बंद, मग येणारे, मग तारच तोडली जाई. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली उभे राहत. तिथेही बोलून झाल्यावर यंत्रातून चिठ्ठी निघे आणि मग पैसे द्यायचे. दोन पिढ्यांना फोन म्हणजे आधी बोलणे आणि मागून भरणे, हेच ठाऊक. त्यांच्या तोंडी ‘बिल’ रुजले ते पद्धत पालटल्यावरही गेले नाही. शब्द वस्तूपेक्षा हट्टी असतात.

मोबाइल आला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला फोन हा भारतातला पहिला मोबाइल संवाद मानतात. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर होता, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. प्रथम सगळीकडे बिलाचीच पद्धत होती. त्यासाठी पत्ता, पगार, अनामत हे सगळे पाहिले जाई. ज्याच्याकडे दाखवण्यासारखा पगार नव्हता त्याच्यासाठी प्रीपेड निघाले. पोर्तुगालात १९९५ सालीच ‘मिमो’ नावाची अशी सेवा आली होती. जगातल्या अगदी पहिल्या प्रीपेड सेवांत तिची गणना होते. मिमो म्हणजे लाड. गोव्यातल्या जुन्या पिढीच्या वाचकांना तो शब्द ओळखीचा वाटेल. आपल्याकडे शतक संपता संपता रिचार्जची कार्डे दुकानात लटकू लागली. नाण्याने चांदीचा लेप खरवडायचा, खालचा लांबलचक क्रमांक दाबायचा, आणि पैसे ‘पडले’ की नाही ते ऐकायचे.

याच कार्डावर ती नवी मुदत छापलेली होती. तीनशे-साडेतीनशे रुपयांच्या कार्डातून कर आणि सेवाशुल्क वजा होऊन जे उरे ते बोलण्यासाठी, आणि तेही ठरावीक दिवसांत. दिवस संपले तर उरलेली रक्कम गोठली. कंपन्यांचे म्हणणे असे, की क्रमांक ही मर्यादित वस्तू आहे, जाळे चालू ठेवण्याचा खर्च ग्राहक बोलो न बोलो होतच असतो, म्हणून वापर नसलेला क्रमांक अनंत काळ राखता येणार नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पण क्रमांक राखण्याचे भाडे वेगळे आणि ग्राहकाची शिल्लक वेगळी. दोन्ही एकाच मुदतीच्या दोरीत बांधल्या, तिथे जुना व्यवहार मोडला. हुंडीत मुदत देणाऱ्यावर होती. इथे ती आधीच देऊन बसलेल्यावर आली.

भाषांतराने त्यात भर घातली. इंग्रजी ‘व्हॅलिडिटी’चे हिंदी ‘वैधता’ झाले आणि मराठी संदेशांतही ते जसेच्या तसे उतरले. ‘आपली वैधता समाप्त झाली आहे.’ वैध म्हणजे कायदेशीर. रिचार्ज संपल्याने माणूस किंवा त्याचा क्रमांक बेकायदेशीर होत नाही. मराठीला इथे ‘मुदत’ हा शब्द शतकानुशतके उपलब्ध आहे. आमचा सगळा धंदा त्या शब्दावर चालतो, १९६३ च्या मुदतीच्या कायद्यापासून. ‘बॅलन्स’साठी ‘शिल्लक’ वापरली गेली ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ‘बाकी’ वापरली असती तर अनर्थ होता, कारण बाकीदार म्हणजे थकबाकी असणारा.

येणाऱ्या फोनचे पैसे घेणे थांबवण्याची योजना १९९९ साली आली होती. नियामक प्राधिकरणाला तो अधिकार नाही म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २००० मध्ये ती रद्द केली. अखेर १ मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले आणि प्रीपेडचा खरा प्रसार तिथून झाला. शेतमजूर, गवंडी, कांदा-भाजीचे व्यापारी, कोणाच्याही खिशात मोबाइल आला, कारण नुसता येणारा फोन घ्यायला खर्च उरला नाही.

सीमाभागात मात्र तसे झाले नाही. दूरसंचाराच्या परवान्यांसाठी देशाची जी मंडळे पाडली, ज्यांना आपण ‘सर्कल’ म्हणतो, ती बहुतांशी १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यरेषांना धरून होती. महाराष्ट्राच्या मंडळात गोवा आला आणि मुंबई वेगळी निघाली. इंदूर-ग्वाल्हेर मध्य प्रदेशात, बडोदे गुजरातेत, हैदराबाद आंध्रात. बेळगाव, खानापूर, निपाणी कर्नाटक मंडळात. बेळगाव शहरातून शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्यात, सायकलवर जाता येते. चंदगडची माणसे बाजाराला, दवाखान्याला बेळगावलाच येतात, कोल्हापूर त्यांना लांब पडते. रेषा ओलांडली की मोबाइल ‘रोमिंग’वर जाई आणि फुकट झालेला येणारा फोन पुन्हा पैशाचा होई. सीमेवरच्या काही घरांत तर रेषा ओलांडायचीही गरज नसे. पुढच्या सोप्यात कर्नाटकाचा मनोरा, मागच्या परड्यात महाराष्ट्राचा. आमच्या एका पक्षकाराने फोन घेण्यासाठी अंगणातल्या तुळशीपाशी जागा नेमून घेतली होती. तिथून हातभर सरकले तर शिल्लक वितळायची. ज्याने आगाऊ पैसे देऊन महिन्याची सोय केली, त्याची सोय घरातल्या घरात चार दिवसांत संपे आणि ‘वेळेवर भरा’ हा उपदेश त्यालाच ऐकावा लागे.

रिचार्जही मंडळापुरता होता. कोल्हापूरच्या दुकानातून बेळगावच्या क्रमांकात पैसे टाकता येत नसत. कोल्हापुरात, पुण्यात शिकणाऱ्या आमच्याकडच्या मुलांचे वडील बेळगावातून त्यांचा रिचार्ज करत. किंवा मुले दोन कार्डे बाळगत आणि दोन मुदती सांभाळत. रोमिंगचे दर २०१३ आणि २०१५ मध्ये प्राधिकरणाने उतरवले. २०१६ च्या सप्टेंबरात आलेल्या नव्या कंपनीने देशभर रोमिंग माफ केले आणि पुढच्या वर्षात इतरांनाही तेच करावे लागले. तुळशीपाशी उभे राहण्याचा प्रघात त्यानंतर मोडला. आपला क्रमांक घेऊन एका मंडळातून दुसऱ्यात जाण्याची मुभाही ३ जुलै २०१५ पासून आहे. पैशाच्या दृष्टीने रेषा पुसली गेली. भाषेच्या दृष्टीने गेली नाही, कारण संदेशाची प्रादेशिक भाषा कोणती हे आजही मंडळावरून ठरते.

आता ‘करन्सी’. कोल्हापूरच्या उत्तरेला हा शब्द या अर्थाने कोणाला कळणार नाही. कर्नाटकात सर्वत्र मोबाइलच्या शिलकीला ‘करन्सी’ म्हणतात आणि रिचार्ज करण्याला ‘करन्सी हाकू’, म्हणजे करन्सी घाल. बेळगावच्या मराठीने शब्द घेतला आणि ‘हाकू’ची जागा आपल्या ‘घालणे’ला दिली. पुणेकर रिचार्ज ‘मारतो’, हिंदी मुलुखात तो ‘डलवतात’, आम्ही ‘करन्सी घालतो’. एकाच यंत्राशी चार प्रांतांत माणसे चार क्रियापदांनी बोलतात, हा भाषाशास्त्राचा विषय म्हणून रंजक आहेच. परंतु आम्हांला हा शब्द दुसऱ्या कारणासाठी मोलाचा वाटतो. ‘बिल’ म्हणणारा स्वतःला देणेकरी करून घेतो. ‘करन्सी’ म्हणणारा निदान एवढे म्हणतो, की यंत्रात आहे ते चलन आहे, आणि ते माझे आहे. कायद्याच्या भाषेत तेही अचूक नव्हे. पण न्यायाच्या जवळचे आहे.

आणि चलनाची भाषा कशी असते? हैदराबादच्या निजामाने १९१८ च्या कायद्यान्वये ज्या नोटा काढल्या, त्यांवर उर्दू-इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही किंमत लिहिलेली असे. राज्याची भाषा उर्दू होती. निजामाला मराठीचा पुळका होता असे कोणी म्हणणार नाही. पण औरंगाबाद-परभणीच्या शेतकऱ्याच्या हातात जो कागद जायचा तो त्याला वाचता आला पाहिजे, नाहीतर कागद चालणार नाही, इतके व्यवहारज्ञान त्या दरबाराला होते. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटेवरही भाषांच्या पट्टीत मराठी आहे, कानडी आहे, कोंकणी आहे. ती नोट बेळगावात चालते आणि बडोद्यातही. त्याच नोटेची ‘करन्सी’ करून ती मोबाइलमध्ये घातली की मात्र तिची मराठी नाहीशी होते. आजींच्या यंत्रातले इशारे कानडीत होते याबद्दल आमची कानडीविरुद्ध तक्रार नाही. शेजारच्या कानडी आजींना ते कळलेच पाहिजेत. तक्रार एवढीच की पैसे ज्याचे, त्याला त्याची भाषा एकदाही विचारली गेली नाही.

मधली काही वर्षे हा दोष झाकला गेला, तो कोपऱ्यावरच्या दुकानदारामुळे. पानपट्टीवाला किंवा किराणावाला रिचार्ज मारायचा तेव्हा त्याच्या वहीत गावातले क्रमांक आणि तारखा असत. ‘मावशी, परवा संपतंय बघा तुमचं,’ असे तोच सांगे. आलेला कानडी संदेश तोच वाचून दाखवे. नियमाने वेगवेगळ्या व्हाउचरांना तांबडी, हिरवी आणि पिवळी पट्टी ठरवून दिली होती, २०१२ मध्ये. निरक्षराला रंगावरून योजना, नुसती शिल्लक आणि खास सवलत यांतला भेद कळावा, हा चांगला हेतू. तोही दुकानदारच समजावून सांगे. पुढे रिचार्ज मोबाइलवरूनच होऊ लागला आणि दुकानदाराचे दलालीचे पैसे सुटले. त्याची वही बंद पडली. दुभाषा गेला, हे कोणत्याही हिशेबात आले नाही.

मुदतीचा इतिहास मात्र पुढे चालू राहिला. २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या आरंभी ‘लाइफटाइम’ योजना आल्या. ९९९ रुपये एकदा द्या आणि आयुष्यभर येणारे फोन घ्या. आयुष्य कोणाचे, हा प्रश्न वकिलाला पडतोच. प्राधिकरणाने त्याचे उत्तर दिले ते असे, की कंपनीचा परवाना, त्याच्या नूतनीकरणासह, जोवर जिवंत तोवर. ग्राहकाच्या आयुष्याचा संबंध नाही. पुष्कळ वडीलधाऱ्यांनी हौसेने ते कार्ड घेतले. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी दरमहा किमान रिचार्ज सक्तीचा केला, साधारण ३५ रुपयांचा, २८ दिवसांसाठी. आणि आयुष्यभराची माणसे चार आठवड्यांच्या मुदतीवर आली.

फेब्रुवारी सोडला तर अठ्ठावीस दिवसांचा हा ‘महिना’ कोणत्याही पंचांगात नाही. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, नक्षत्रमास सव्वासत्तावीसचा, इंग्रजी महिना तीस-एकतीसचा. २८ ला १३ ने गुणले की ३६४. म्हणजे वर्षात बारा वेळा नव्हे, तेरा वेळा पैसे. शिवाय तारीख दर महिन्याला मागे सरकते. पगार किंवा निवृत्तिवेतन एका तारखेला आणि मुदत दुसऱ्या. वेळेवर न भरणाऱ्याला बेशिस्त म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. तक्रारी वाढल्यावर २७ जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्राधिकरणाने प्रत्येक कंपनीला निदान एक योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी ठेवायला लावली. २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने फक्त बोलणे आणि लघुसंदेश यांसाठी वेगळी व्हाउचरे काढणे बंधनकारक केले आणि खास व्हाउचरांची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. बटणांचा फोन वापरणाऱ्याला इंटरनेटचे पैसे भरावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार. आजींसारख्यांसाठीच तो आहे. त्यांच्यापर्यंत तो पोचला नव्हता, आणि नातवालाही ठाऊक नव्हता.

क्रमांक जाण्याविषयीचा नियमही वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१३ पासूनच्या तरतुदीनुसार सलग ९० दिवस कोणताच वापर नसेल तरच क्रमांक बंद करता येतो. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून तीस दिवसांची वाढ द्यावी लागते. बंद केलेला क्रमांक आणखी ९० दिवस कोणाला देता येत नाही. २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा तीच मुदत सांगितली गेली, आणि आपली माहिती सांभाळण्याची काळजी ग्राहकानेही घ्यावी असा सूर लागला. ज्या कपाटात फोन पडला होता त्या कपाटाच्या मालकिणीला दोनदा नव्वद दिवस मिळाले होते. कंपनीने नियम मोडला असे आम्हांला म्हणता येईना. ग्राहक मंचाकडे जाण्याचा रस्ता आज मोकळा आहे; २००९ च्या एका निकालाने तो बंद झाल्यासारखा होता आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उघडला. पण मंचाकडे जायचे तर नियमभंग दाखवावा लागतो. न कळणाऱ्या भाषेत इशारा देणे हा भंग आहे काय?

भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ मध्ये जे संरक्षणाचे ज्ञापन निघाले, त्याप्रमाणे ज्या भागात अल्पसंख्याक भाषक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. खानापूर तालुक्याला ही अट लागू होण्यात अडचण नाही. पण ती राज्यशासनाला बांधते, खासगी कंपनीला नाही. दूरध्वनी सरकारी खात्याचा होता तेव्हा निदान प्रश्न विचारायला दार होते. आम्ही अर्ज केला तो कंपनीच्या तक्रार-कक्षाकडे, मग अपिलाकडे. मागणी एकच होती, की प्रीपेड ग्राहकाला नोंदणीच्या वेळी सूचनेची भाषा निवडू द्यावी, मंडळ कोणतेही असो. उत्तर सौजन्यपूर्ण आले, इंग्रजीत आले, आणि ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ यापलीकडे गेले नाही. दुसरा अर्ज तयार आहे.

आजींचे काम त्याआधीच मार्गी लागले. नवा क्रमांक घेतला, बँकेत दोन हेलपाटे घालून तो खात्याला जोडला. सुदैवाने पैसे कोणी काढले नव्हते. वर्षभराची योजना घ्या असे आम्ही सुचवले तेव्हा त्या हसल्या. एवढी रक्कम एकदम हातातून सोडणे त्यांना पटेना. अठ्ठावीस दिवसांचे आमचे सगळे गणित त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे चार आठवडेच की न्हवं?” चार आठवडे म्हटल्यावर वार बदलत नाही. त्यांच्या गावचा बाजार सोमवारी भरतो. आता दर चौथ्या बाजाराला त्या मिठा-मिरचीबरोबर करन्सी घालतात, आणि बाजार मोजण्यासाठी दाराच्या चौकटीवर खडूने रेघ ओढून ठेवतात.